सौम्यावैनीचा जबाब

नागराज शेटांचा खून झाला त्या दुपारी रवळू बेळगावच्या अनगोळात एका घराबाहेर टेम्पोत बसून होता. एवढं पोलिसांना सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण तेच त्याला सांगता येत नव्हतं.

शेटांचे वडगावात माग होते, शहापुरात साड्यांचं गोदाम. खानापूरकडचा रवळू त्यांचा टेम्पो चालवायचा. शेटांची सून सौम्या कन्नड माहेरची. तिच्या धाकट्या बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही असा शेटांचा हुकूम होता. ती बहीण बाळंत झाली, तसं सौम्यानं रवळूला गळ घातली.

"अण्णा, बाळाचं तोंड तेवढं बघून येते. घरात कळलं तर मला ठेवून घेणार न्हाईत."

"मी कुनाला बोलणार न्हाय, वैनी," रवळू म्हणाला.

त्यानं तिला अनगोळात बहिणीकडं नेलं आणि परत आणून घराजवळच्या वळणावर सोडलं. मग गोदामात गेला, तर शेट साड्यांच्या गठ्ठ्यांत पालथे पडलेले. त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गार पडत चाललं होतं. तेवढ्यात शेटांचा पुतण्या विक्रम दारात आला आणि ओरडत सुटला, "रवळूनं काकाला मारलं!"

रवळूचा शर्ट रक्तानं माखलेला. आदल्याच दिवशी शेटांनी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. कुठं होतास, असं कुणीही विचारणार, आणि खरं सांगावं तर सौम्याचं घर सुटणार. वर दोघांचं नाव जोडून लोक नको ते बोलणार. त्याला दुसरं काही सुचेना. तो मागच्या दारानं पळाला. वाटेत दोरीवरचा कुणाचातरी शर्ट ओढून अंगात घातला आणि निपाणीची बस धरली. कर्नाटकची हद्द ओलांडून कोल्हापूर गाठायचा विचार होता.

निपाणी स्टँडवर शेजारचा माणूस मोबाईल बघत होता. पडद्यावर रवळूचाच फोटो. रवळू उठला आणि समोर सुटणाऱ्या बसमध्ये चढला. ती सदलग्याची निघाली.

उतरल्यावर तो उसाच्या कडेनं चालत राहिला. एका शेतातल्या घरापुढं तम्मण्णा नावाचे म्हातारे बैलाला वैरण टाकत होते. रवळूनं पाणी मागितलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्या बायकोनं, अंजनीआक्कानं, पाण्याबरोबर भाकरीही आणून ठेवली. कुणीच काही विचारलं नाही. तो तिथंच सोप्यात झोपला.

सकाळी तम्मण्णांनी फोन त्याच्यापुढं धरला. "हे तूच काय रं?"

"व्हय."

"मारलास काय?"

"न्हाय, मामा. देवाशपथ न्हाय."

"मग पळतोस कशाला?"

रवळूनं सगळं सांगितलं. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. अंजनीआक्का चुलीपासनं उठून आल्या.

"त्या पोरीला ठावं हाय काय, तू तिच्यासाठी पळतोयस म्हणून?"

"न्हाय."

"मग तिचं सगळं तूच ठरवलास की! तिला इचारलास काय?"

नंबर घेऊन आक्कांनीच फोन लावला. त्या कन्नडमध्ये बोलल्या. मग सौम्यानं विचारलं, सासरे नेमके कधी गेले? तिला तिथं कुणी धड सांगितलंच नव्हतं. तिला सोडल्यानंतर रवळूनं हे केलं, असंच ती धरून चालली होती. डॉक्टरांच्या मते तीनच्या आसपास, असं बातमीत होतं. ते कळल्यावर ती म्हणाली, "तेव्हा तर बाळ माझ्या मांडीवर होतं आणि अण्णा बाहेर बसलेते. त्यांना सांगा, पळू नका. मी ठाण्यात जाते."

तम्मण्णा स्वतः रवळूला घेऊन बेळगावात आले. ठाण्यात सौम्या बाकावर बसली होती. शेजारी बहीण, तिच्या कुशीत बाळ. समोर सासरची माणसं, तिच्याकडं न बघणारी.

"घरच्यांना माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"नव्हतं. आता झालंय," ती म्हणाली आणि जबाबाखाली सही केली.

बहिणीच्या गल्लीतल्या कॅमेऱ्यात टेम्पो दिसला. मग पोलिसांनी विक्रमला धरलं. शेटांनी माग विकायला काढल्यावरून त्याचं काकाशी वाजलं होतं, त्या भरात त्यानं लोखंडी गज उचलला. शेवटी त्यानं कबूल केलं.

सासूनं सौम्याला घरात घेतलं नाही. ती बहिणीकडं राहिली. बापाचं दिवसकार्य आटोपल्यावर तिचा नवरा सूरज अनगोळात आला. दारातच म्हणाला, "तू बोलली नसतीस तर बापाच्या मारेकऱ्याबरोबर मी रोज जेवायला बसलो असतो." मग आत येऊन त्यानं बाळाला उचललं. आईची समजूत पटायला अजून वेळ लागणार होता.

पुढच्या रविवारी रवळू आईला घेऊन तिथं गेला. तम्मण्णा आणि अंजनीआक्कांनाही त्यानं बोलावलं होतं. काय काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण सौम्या समोर आली आणि त्याला नुसते हात जोडता आले.

"अण्णा, तुम्ही माझ्यासाठी फासावर जायला निघालतासा," सौम्या म्हणाली. "मी नुसतं खरं बोलले."

"तेच लई अवघड हुतं, वैनी."

सौम्या आणि अंजनीआक्का आपसात कन्नडमध्ये बोलू लागल्या; रवळूच्या आईला ते येत नव्हतं. तिनं आपल्या शेतातले तांदूळ आणि खण पिशवीतून काढले, सौम्याला आणि अंजनीआक्कांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं आणि एकेकीची ओटी भरली.