खंडेनवमीला पुजलेला डिफरन्शियल

मी मोटारीच्या पोटाखालून बोलतोय. वाकून बघितलंत तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध वंगणानं माखलेला एक गोल डबा दिसेल. त्यात मी राहतो. मला डिफरन्शियल म्हणतात. मी यंत्र आहे अशी माझी ठाम समजूत होती. ग्वाल्हेरच्या लोकांनी ती पार विस्कटून टाकली!

इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटायचा, हे आमचं काम. पण माझ्या जातभाईंना एक घाणेरडी खोड आहे. एक चाक वाळूत रुतून नुसतं गरगरायला लागलं, की सगळा जोर त्यालाच देऊन टाकतात. घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक बसतं तोंड बघत. हा न्याय कुठला? मी तसा नाही. माझ्या पोटात असे खटके आहेत, की उधळलेल्या चाकाला मी आवरतो आणि उभ्या चाकाला कामाला लावतो.

म्हणूनच सरदार मानसिंगरावांनी मला विलायतेहून मागवलं, शिकारीच्या मोटारीसाठी. पुष्कळ जंगलं तुडवली. वाघ एकही मिळाला नाही, पण घरी आल्यावर गोष्टी मात्र वाघाच्याच व्हायच्या. मी यंत्र की शिकारी, हा माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मग लढाई लागली, पेट्रोलचं रेशन झालं, आणि मोटार इंदरगंजातल्या हवेलीच्या पागेत धूळ खात उभी राहिली.

शालिनीताई डॉक्टरीणबाईंची मोटार त्याच बनावटीची, पण तिच्यात माझा एक साधा जातभाई. त्या उन्हाळ्यात ती सांक नदीच्या वाळूत रुतून बसली, आणि पलीकडच्या गावात त्यांची वाट बघत एक बाळंतीण गेली. ताई तडक मानसिंगरावांकडे आल्या.

"काका, तुमची मोटार उभीच आहे. तिच्यातला डिफरन्शियल मला द्या, माझा तुम्ही घ्या."

"घेऊन जा गं. आता वाघांनाही रेशन लागलंय!" ते हसले.

पण हे 'घेऊन जा' अमलात यायला दसरा तोंडावर यावा लागला. मुरारचा उमाजी मिस्त्री आला, त्यानं दोन्ही मोटारी पागेतच खोलल्या, मला बाहेर काढून घासलेटनं धुतलं, आणि "उद्या बसवतो" म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती!

सकाळी सरदारांच्या पत्नी विजयाबाईंनी पागेतच चौरंग मांडला. तलवारी, बंदूक, उमाजीचे पाने, हातोडे, सगळं ओळीनं ठेवलं. आणि मधोमध मी.

"हे काय?" उपाध्ये कृष्णरावांनी विचारलं.

"गाडीचं काळीज आहे, महाराज," उमाजी म्हणाला.

"मग असू दे."

हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. कालपर्यंत मला लाथेनं सरकवणारी माणसं माझ्यापुढे हात जोडून उभी! मी अवजार, शस्त्र की देव? मला काही सांगाल का कुणी?

तेवढ्यात ताई धापा टाकत पागेत शिरल्या. मागोमाग नदीपलीकडचा दौलतसिंह.

"बहन दो दिन से तड़प रही है, सरकार. दाई ने हाथ खड़े कर दिए."

"उमाजी, बसव लवकर," ताई म्हणाल्या.

उमाजीनं कानाला हात लावला. "आज पाना उचलत नाही आम्ही, ताई. दसऱ्याला उठेल."

"टांग्यानं मी कधी पोचणार? तोवर ती राहील का?"

मानसिंगराव उपाध्यांकडे बघू लागले, उपाध्ये पंचांगाकडे. ज्या घराण्यानं लढायांवर पिढ्या काढल्या, त्याला एक पाना उचलवेना! मी ओरडलो असतो. पण तोंड कुठलं?

विजयाबाई उठल्या. मूठभर अक्षता घेतल्या आणि चौरंगावर टाकल्या. "झाली उत्तरपूजा. उठले देव. उचल रे पाना, उमाजी."

"अहो, मुहूर्त..." उपाध्ये पुटपुटले.

"ती पोर बघतेय का मुहूर्त?"

दुपारी मी ताईंच्या मोटारीत होतो, कुंकवासकट. नदीत डावं चाक रुतलं, गरगरलं. मी त्याला धरलं आणि सारा भार उजव्यावर टाकला. मोटार कण्हली, हलली, काठावर चढली. पुढचं मला दिसलं नाही. मी मोटारीखालचा, मला फक्त दौलतसिंहाच्या चपला दिसत होत्या, इकडून तिकडे, इकडून तिकडे. मग त्या थांबल्या. "दोघं सुखरूप आहेत," असा ताईंचा आवाज आला, आणि तो भलामोठा माणूस माझ्यासमोर धुळीत मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी हवेलीत नवाच तंटा. उपाध्ये म्हणाले, "पुजलेलं शस्त्र घराबाहेर राहत नाही. सीमोल्लंघनाला ते धन्याबरोबरच हवं." मानसिंगरावांनी मान डोलावली. "शालिनी, परत दे बाई. घराण्याची रीत आहे."

"काढून घ्या," ताई म्हणाल्या. "पण पुढच्या बाईच्या माणसांना तुम्ही स्वतः नदीवर जाऊन सांगा."

उमाजी पाना हातात धरून मोटारीखाली वाकला. पुन्हा उपसणार की काय मला?

विजयाबाई भरजरी शालू सावरत पुढे आल्या आणि ताईंच्या मोटारीत जाऊन बसल्या. "शस्त्र धन्याबरोबर हवं ना? मग धन्यानं शस्त्राबरोबर यावं. चला, बसा."

मानसिंगरावांनी मिशीवर हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं, आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. त्या वर्षी त्यांचं सीमोल्लंघन सांक नदीच्या वाळूतून झालं. दौलतसिंहाच्या अंगणात त्यांनी सोनं लुटलं. सगळ्यात पहिलं पान ठेवलं ते त्या कालच जन्मलेल्या जिवाच्या मुठीत.

मी अजून ताईंच्याच मोटारीत आहे. मानसिंगराव मला 'आमचं शस्त्र' म्हणतात, ताई 'माझा डिफरन्शियल' म्हणतात, नदीपलीकडच्या बायका मोटार दिसली की वाकून नमस्कार करतात. यातलं खरं काय, मला उमजलेलं नाही. तुम्हीही ठरवत बसू नका. वंगण तेवढं वेळेवर घाला. पलीकडे कुणाचे तरी दिवस भरत आलेत.