वाकू नये

“वाकायचं? आणि हे तुम्हीच सांगताय?” सुतारकाकांनी खिशातून घड्यांवर फाटत आलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो उलगडला. अक्षर त्यांचंच होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. ‘मणक्यातली गादी सरकली आहे. वाकू नये.’ या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हा त्यांच्या मनात फार तर तीन आठवडे होते. कधीपर्यंत, ते लिहायचं राहून गेलं.

काका मुलखाचे सरळ. दिलेल्या सूचनेबाहेर पाऊल टाकलं नाही. रंधा सोडला, दुकान सोडलं, हातातून पडलेला खिळासुद्धा कधी उचलला नाही.

“काका, ती गादी केव्हाच बरी झाली असणार. ‘सरकली’ हा शब्दच चुकीचा वापरला मी. दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही मोडलेलं असतं असं नाही. दारातलं कुत्रं एकदा चोराला बघून बिथरलं, की पुढे घरच्यांवरही भुंकत राहतं. तसं आहे हे.”

“म्हणजे अकरा वर्षं मी कुत्र्याला भिऊन बसलो म्हणा की!” काका मोठ्यानं हसले. मग हळूच म्हणाले, “मी बसलो, पण बायको वाकत होती. रोज सकाळी माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला. तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. गेल्या महिन्यात तीही गेली.”

बाईंना गलबलून आलं. “चुकलं माझं, काका,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही तरी काय, पोरच होता तेव्हा. आता बांधणारं कुणी नाही, म्हणून आलो. बूट नुसते पायात सरकवतो. गाठी तिच्याच आहेत.”

“खुर्चीवर बसा. श्वास सोडत हात खाली न्या. घाई नको.”

हात गुडघ्यावरून नडगीवर आला, थांबला, पुन्हा निघाला. बोटं बुटाला लागली.

“दुखतंय?”

“कंबर नाही.”

“मग आता नाडी सोडून पुन्हा बांधा बघू.”

काकांनी गाठीवरून अंगठा फिरवला. सोडली मात्र नाही. ते तसेच वाकून बसून राहिले, आणि बाईंनीही त्यांना उठा म्हटलं नाही.