तिसरी चौकट

माझं काम बसायचं. रुग्ण खाटेवरून उठून पडू नये, नळी ओढून काढू नये, म्हणून त्याच्या उशाशी खुर्ची टाकायची आणि डोळ्यात तेल घालून बघत राहायचं. नवरा आल्यागेल्याला सांगतो, "आमच्या बाईसाहेब बसून खातात." मला हसू येत नाही. एका माणसाकडे आठ तास बघून दाखव म्हणावं. बायकोकडे तर आठ मिनिटं बघवत नाही तुला.

दर अर्ध्या तासाला एका तक्त्यावर खूण करायची असते. चौकटी तीनच: शांत, अस्वस्थ, उठण्याचा प्रयत्न.

अकरा नंबरच्या खाटेवर काका आले आणि पहिल्याच दिवशी तिसरी चौकट भरून गेली. वय एक्क्याऐंशी, रिटायर्ड पोस्टमन. तापात आले होते. ताप उतरला, पण डोक्यातला गोंधळ उतरेना. दर दहा मिनिटांनी पाय खाटेवरून खाली. "टपाल पडून राहिलंय, बाई. लोक वाट बघत असतात." कठडे वर केले तर कठड्यावरून पाय टाकायचे. दोन दिवसांत माझ्या नाकी नऊ आले.

तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली. प्रत्येक जेवणाच्या ताटाबरोबर खाटेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी येते. फेकायला काढलेल्या असल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी काकांच्या मांडीवर ठेवला.

"काका, सॉर्टिंग बाकी आहे."

त्यांनी चष्मा मागितला, अंगठा जिभेला लावला आणि चिठ्ठ्या नंबरवार लावायला घेतल्या. दहा मिनिटं उलटली तरी पाय खाली आला नाही. मी बघतच राहिले. सगळं लावून झाल्यावर म्हणाले, "निघू का?"

"अजून एक थैली यायचीय. मी सांगेन तेव्हा निघा."

"बरं."

ते पाणी प्यायला लागले की मी चिठ्ठ्या पुन्हा मिसळून ठेवायची. त्या दिवशी तक्त्यात सोळाच्या सोळा खुणा पहिल्या चौकटीत. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही.

आमच्यात एक थोरली आहे, वीस वर्षं हेच काम करतेय. तिनं माझा तक्ता बघितला. "सोळा शांत? वेड लागलंय का तुला? एखादा तरी उठण्याचा प्रयत्न टाकत जा."

"उठले नाहीत तर कसा टाकू?"

"वर कुणीतरी हे वाचतं, बाई."

वाचू दे की, मला तेच हवं होतं. मनात म्हटलं, हिला आरामाची खुर्ची सुटू नये म्हणून खोटं लिहायची सवय लागलीय. मी तिला तसं तोंडावर ऐकवलंसुद्धा. "दीडशहाणी," म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी इनचार्ज सिस्टरनी बोलावलं. "उद्यापासून तुम्ही वरच्या मजल्यावर. अकरा नंबरला माणूस लागणार नाही. रुग्ण दोन दिवस शांत असला की माणूस काढायचा, असं वरून आलंय."

"सिस्टर, ते शांत आहेत कारण मी तिथे बसलेय."

"तक्त्यात कुठे लिहिलंय तसं?"

तशी चौकटच नाही, तर लिहिणार कुठे?

निघताना मी गठ्ठा काकांच्या हातात दिला. म्हटलं, गुंतून राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काकांचं सॉर्टिंग संपलं. थांबा म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. ते वाटपाला निघाले. बारा, तेरा आणि चौदा नंबरच्या पायथ्याशी ज्याची त्याची चिठ्ठी सापडली. पंधराची त्यांच्या मुठीत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

काकांची मुलगी आली ती थेट इनचार्जच्या खोलीत. मलाही बोलावलं. टेबलावर माझे शेवटच्या दोन दिवसांचे तक्ते मांडले होते. "बघा, कर्मचाऱ्यानंच लिहिलंय," इनचार्ज म्हणाल्या. "सगळीकडे शांत."

मुलगी माझ्याकडे वळली. "ताई, हे तुमचं अक्षर?"

"हो."

"खरंच शांत होते बाबा?"

"होते."

तिनं डोळे पुसले आणि तक्रार नसल्याच्या कागदावर सही केली. प्रश्न मिटला. चिठ्ठ्यांचं बोलले असते तर सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं, आणि पडायलाच हवं होतं. गठ्ठा मीच दिला होता. पण मी मूग गिळून बसले. बसायचंच तर काम माझं.

ऑपरेशननंतर काकांना पुन्हा माणूस मंजूर झाला. मी थोरलीचे पाय धरायचे बाकी ठेवले, तेव्हा तिनं तिला लागलेली अकरा नंबरची ड्युटी मला दिली. एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिल्याच दिवशी मी नवा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. "काका, सॉर्टिंग." त्यांनी चष्मा मागितला नाही. चिठ्ठ्या घसरून खाली पडल्या, त्या मीच गोळा केल्या. ते भिंतीकडे बघत राहतात. पाय जिथे ठेवावा तिथेच राहतो, कूस मी बदलते, पाणी मी पाजते.

दर अर्ध्या तासाला मी त्यांच्याकडे नीट बघते आणि तक्ता भरते. दिवसातून दोनदा तिसऱ्या चौकटीत खूण करते: उठण्याचा प्रयत्न. आज बारावा दिवस. अजून मला तिथून कुणी हलवलेलं नाही.