बत्तीस फळ्यांतला देवदार

मिस्त्रीला सगळी वखार 'नाकवाला' म्हणायची आणि ते त्याला मनातून आवडायचं. पाडलेल्या इमारतींचं लाकूड वखारीत येतं तेव्हा सगळ्या फळ्या सारख्याच राखाडी दिसतात. त्यातला देवदार कुठला आणि साधं पाइन कुठलं, यावर भले भले डोकं खाजवत बसतात. मिस्त्री पटाशीनं फळी जराशी खरवडायचा, नाकाशी न्यायचा आणि क्षणात निकाल द्यायचा. वीस वर्षांत त्याचा निकाल कधी फिरला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला. आठवड्यानं ताप गेला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल, असं करता करता अकरा महिने झाले. मिस्त्री कोणाला काही बोलला नाही.

अशात गावातल्या विणकर बाईंचं काम आलं. त्यांच्या लोकरीच्या कोठीत कसर शिरली होती आणि त्यांच्या आईनं विणलेल्या चार शालींची पार चाळणी झाली होती. त्यांना कोठी आतून चारही बाजूंनी देवदारानं मढवून हवी होती.

"देवदाराच्या तेलाला किडे भितात हे खरं ना?" त्यांनी विचारलं.

"भितात. पण आत असलेली कसर तो मारत नाही. आधी सगळी लोकर उन्हात घाला, झटका, कोठी पुसून कोरडी करा. नवी कसर येऊ द्यायची नाही, एवढंच देवदाराचं काम."

मिस्त्री वखारीत गेला. नुकतीच एका जुन्या बंगल्याची दारं, छताची तक्तपोशी, वासे असं सगळं एकत्र येऊन पडलं होतं. वखारवाल्यानं नेहमीसारखी हाक दिली, "चला, नाकवाल्यांना जागा द्या!" चार गिऱ्हाइकं बघायला उभी राहिली. मिस्त्रीनं फळी खरवडली, नाकाशी नेली. काही नाही. पाण्याचा वास घ्यावा तसं. तरी त्यानं मान डोलवली आणि फळी उजवीकडे ठेवली. रंग बघून, अंदाजानं, असं करत बत्तीस फळ्या निवडल्या.

बारा दिवसांत कोठी तयार झाली. शेवटच्या दिवशी त्याची सून दाराला बाहेरून तेल लावायला आली. ती त्याच्याच कारखान्यात पॉलिशचं काम करायची. आतल्या लाकडाला तर काहीच लावायचं नव्हतं, कारण पॉलिश केलं की देवदाराचा वास आतल्या आत कोंडतो. ती कोठीत शिरली, एक फेरी मारली आणि डाव्या भिंतीपाशी थांबली. भिंतीजवळ नाक नेऊन ती खालपासून वरपर्यंत गेली.

"बाबा, ही भिंत देवदाराची नाही."

मिस्त्री खिळे गोळा करत होता. त्यानं वर पाहिलंच नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाकीचं नाही कळत, पण वास येतो मला. तुम्हाला येत नाही."

त्यानं हातातले खिळे खाली ठेवले. "कधीपासून माहीत आहे?"

"स्पिरिटची बाटली तुमच्या पायाशी फुटली आणि तुम्ही मला विचारलंत, इथे पाणी कोणी सांडलं. तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मिस्त्री भिंतीला टेकून बसला. "तीन भिंतींच्या वासात चौथी खपून जाईल," तो हळूच म्हणाला.

"खपेल," सून म्हणाली आणि दाराला तेल लावायला निघून गेली.

तिनं वाद घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं. आता त्यालाच विचार करणं भाग होतं. तीन-चार वर्षांत देवदाराचा वास मंदावतो. मग वरून बारीक काचकागद घासला की आतलं तेल पुन्हा बोलायला लागतं. पाइन कितीही घासलं तरी ते पाइनच. कसर बरोबर त्या बाजूनं शिरणार, आणि तोवर बाई नवीन शाली रचून बसलेल्या असणार. तो उठला आणि बाईंच्या मागापाशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी ऐकून घेतलं. हातातला धोटा खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही डोळे मिटून माझी कोठी बांधलीत?"

"नाक मिटून," मिस्त्रीच्या तोंडून गेलं.

"थट्टा नको. मला हसू येत नाहीये."

"चुकलं माझं. काढून पुन्हा करून देतो."

"एकेक फळी तपासून. आणि आता तपासणार कोण?"

"माझी सून."

दुसऱ्या दिवशी दोघांनी कोठी उकलली. एकवीस फळ्या देवदाराच्या निघाल्या, अकरा पाइनच्या. त्या अकरा हातगाडीवर टाकून दोघं वखारीत आली. वखारवाला हसत सुटला. "अरेच्चा, नाकवाल्याचं नाक कापलं की!"

"कापलं नाही, बंद पडलंय. अकरा महिने झाले," मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानं सुनेकडे बोट दाखवलं. "आजपासून वास ही घेईल."

वखारवाल्याचं हसू मावळलं. सून पदर खोचून ढिगाशी बसली. ती खरवडायची, हुंगायची आणि बाजूला ठेवायची. दहा झाल्या. अकरावी तिनं दोनदा हुंगली. "देवदार."

मिस्त्रीनं ती फळी उचलली, उजेडात धरली आणि वखारवाल्याकडून रंधा मागून घेऊन फळीवरून दोनदा फिरवला. कोऱ्या लाकडावर दाभणानं ओढल्यासारख्या बारीक तपकिरी रेघा उमटल्या. "या राळेच्या रेघा बघ. पाइनच्या. वर्षानुवर्षं देवदाराला चिकटून राहिली, म्हणून वरवर वास लागलाय. आता हुंग."

तिनं रंधलेली जागा हुंगली आणि ओशाळली. "नाही. काहीच नाही."

"वरचा थर काढल्याशिवाय बोलायचं नाही. हे मीही विसरलो होतो," मिस्त्री म्हणाला. "नाक होतं ना, डोळ्यांना कामच देत नव्हतो."

ती फळी परत ढिगात गेली. तिच्या जागी दुसरी निवडली, रंधा मारून, मग हुंगून; आधीच्या दहाही तशाच पुन्हा तपासल्या. प्रत्येक फळीची पांढुरकी कड त्यानं करवतीनं काढून टाकली. देवदाराचा टिकाऊपणा आतल्या गाभ्यात असतो. कडेचं पांढरं लाकूड लवकर किडतं.

आठवड्यानं कोठी पुन्हा उभी राहिली. बाई आत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मिस्त्री आणि सून बाहेर ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

"आता बरोबर आहे. शाली थेट फळीवर ठेवू ना?"

"नको, तेलाचे डाग पडतील. सुती कापडात गुंडाळून ठेवा. वास कमी झाला की निरोप धाडा, घासून देऊ."

"दोघं या," बाई म्हणाल्या आणि मागावर जाऊन बसल्या.

वाटेत सून म्हणाली, "बाबा, मला एक रंधा हवा. तुमचा माझ्या हाताला मोठा होतो."

मिस्त्रीनं चालता चालता तिचा पंजा आपल्या पंजावर धरून माप घेतलं.

"देवदाराचा करणार?" तिनं विचारलं.

"छे! तो मऊ. महिन्यात झिजेल. तुला चिवट लाकूड शोधावं लागेल," मिस्त्री म्हणाला आणि वखारीच्या दिशेनं वळला.