पेनीचा बारावा फोटो

एव्हरेट काउट्स यांचा खुबा मोडला तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कोठाराच्या पायरीवरून घसरून. ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने त्यांना शहरातल्या शुश्रूषागृहात काढायचे होते. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी दूर ॲरिझोनात. घरात उरली ती पेनी नावाची कुत्री. तिला शेजारच्या डोरीन लाबाउंटीनं आपल्याकडे आणलं.

डोरीन फोटोग्राफर होती. ऑक्टोबरात मेपलची पानं लालभडक पेटली की लांबलांबून लोक आपापली कुत्री घेऊन तिच्याकडे येत, पानांच्या ढिगात त्यांना बसवून फोटो काढून घेत. कुठल्या कुत्र्याला चीजचा तुकडा दाखवायचा आणि कुठल्याकडे दुर्लक्ष करायचं, हे तिला एका नजरेत कळायचं.

एव्हरेट रोज संध्याकाळी ठीक पाच वाजता फोन करायचे. "जेवली का ती?" हा पहिला प्रश्न. "डोरीन, तू कशी आहेस?" हा कधी शेवटचा, कधी राहूनच गेलेला.

ऑक्टोबर लागला तसा त्यात आणखी एक प्रश्न आला. "पानं कुठवर आलीत?"

"खालची पिवळी झालीत. वरच्या बांधावरचा मोठा मेपल अजून अर्धा हिरवाच आहे."

"चुकवू नकोस हं. चार दिवस मिळतात, फार तर पाच."

दरवर्षी त्या मेपलखाली, दगडी बांधावर पेनीला बसवून ते स्वतः फोटो काढायचे. असे अकरा फोटो त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीनं लावलेले होते. साधा कॅमेरा, क्षितिज तिरकं, एकदोन ठिकाणी अंगठाही आलेला. आणि प्रत्येकात पेनीच्या अंगात ते भडक नारिंगी जाकीट. पेनी उंच पायांची, हरणाच्या रंगाची होती, शेपटीखाली पांढरी, शिकाऱ्याला लांबून हरीणच वाटावी अशी. शिकारीच्या महिन्यांत तिला जाकिटाशिवाय दाराबाहेर काढायचं नाही, हे एव्हरेटनी जाताना तीनदा सांगितलं होतं.

गुरुवारी मेपल पुरता पेटला. साडेतीनचं तिरपं ऊन पानांतून गाळून खाली येत होतं. डोरीननं पेनीला बांधावर बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. त्या नारिंगी कापडापुढे सगळी पानं मळकी दिसत होती.

'दोनच मिनिटं,' ती मनाशी म्हणाली. जाकीट काढलं. पट्ट्याची दोरीही दिसत होती, तीही सोडली. पेनी शहाणी होती, हलली नाही. तिनं मान वळवून दरीकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या पडलेल्या मिशांवर ऊन आलं, आणि डोरीननं बटण दाबलं. वर्षातून एखादाच असा फोटो मिळतो. तो मिळाला, हे तिला पाहण्याआधीच कळलं.

तेवढ्यात टेकडीपलीकडे बार झाला. कुणीतरी रानकोंबड्यांवर बंदूक झाडली होती. लगेच दुसरा बार. पेनीनं बांधावरून पलीकडे उडी घेतली आणि तांबूस नेच्यांत दिसेनाशी झाली.

डोरीननं हाका मारल्या, शिट्या मारल्या, खिशातलं चीज हातात धरून उतार पालथा घातला. ऐन उमेदीतही न पळणारी ही म्हातारी कुत्री एवढी लांब गेली कशी? जमीनभर तिच्याच अंगाचा तांबूस रंग पसरलेला. पेनी दहा पावलांवर उभी असती तरी दिसली नसती. हे आता डोरीनच्या ध्यानात आलं. आपल्याला जे दिसत नाही, ते एखाद्या शिकाऱ्याला अर्धवट दिसलं तर?

पाच वाजता खिशात फोन वाजला. तिनं तो वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. खोटं बोलणं सोपं होतं. जेवली, झोपलीय, उद्या फोटो पाठवते. तिनं फोन कानाला लावला.

"जेवली का ती?"

"एव्हरेट, पेनी पळालीय. बार ऐकून घाबरली. मी बांधापलीकडेच आहे, शोधतेय."

"जाकीट आहे ना अंगात?"

डोरीननं मागे वळून बांधाकडे पाहिलं. जाकीट तिथेच पडलं होतं.

"डोरीन, जाकीट?"

"मी काढलं. फोटोसाठी."

मग ते सावकाश म्हणाले, "हाका मारू नकोस. भ्याली की ती हाकेला येत नाही, आणखी आत जाते. उताराला लाकडं वाहायचा जुना रस्ता आहे ना, तो धर. तिला सपाट रस्ता आवडतो, पाय दुखतात तिचे." आणि फोन ठेवला.

अंधार पडायला तास राहिला होता. डोरीन त्या रस्त्याला लागली. दोनदा पडली, गुडघा फुटला. वाळक्या पानाची नुसती सळसळ झाली तरी ती थबकत होती. तिसरा बार होईल या धाकानं तिचे कान ताठ झाले होते, पण रानात चिटपाखरू बोलत नव्हतं.

वळणावर एक निळा ट्रक उभा होता. मागच्या फळीवर शिकाऱ्याच्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला एक माणूस बसला होता, आणि त्याच्या मांडीला टेकून पेनी. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला त्यानं आपला कमरपट्टा बांधला होता.

"तुमची का ही?" त्यानं विचारलं.

डोरीननं मान हलवली. ती फळीला लागून उभी राहिली आणि पेनीचे पाय, पोट, कान चाचपू लागली. कुठे काही लागलं नव्हतं. पेनी तिच्या खिशातलं चीज हुंगत होती.

"बाई, मी त्या तिथे मचाणावर होतो," तो म्हणाला. पन्नाशीचा, रे फाँटेन नावाचा, खालच्या गावातला सुतार होता तो. "दुपारपासून हरणाची वाट बघत. झाडीतून तांबडं अंग दिसलं, पांढरं ढुंगण दिसलं. मी धनुष्याची दोरी ओढली होती. पूर्ण ओढली होती. मग तिनं शेपूट हलवलं. हरीण असं शेपूट हलवत नाही." त्यानं कमरपट्ट्याचं टोक हाताला गुंडाळलं. "बघा. अर्धा तास झाला, हिला असाच धरून बसलोय. या महिन्यात असल्या रंगाचं कुत्रं उघडं कोण सोडतं?"

"मी सोडलं," डोरीन म्हणाली.

त्यानं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ट्रकचं दार उघडलं. "चला, घरी सोडतो," एवढंच म्हणाला.

घरी पोचताच तिनं एव्हरेटना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मचाण, ओढलेली दोरी, काही वगळलं नाही. "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. शुक्रवारी पाच वाजता फोन आला नाही. शनिवारीही नाही. त्या दोन दिवसांत पाऊस आणि वारा झाला, आणि मेपल उघडा पडला.

रविवारी डोरीन न विचारताच पेनीला गाडीत घालून शुश्रूषागृहात गेली. एव्हरेट चाकाच्या खुर्चीत ओसरीवर आले. पेनी कण्हल्यासारखा आवाज काढत त्यांच्या गुडघ्यांत घुसली. बराच वेळ ते तिच्याशीच बोलत राहिले. मग म्हणाले, "दाखव तो फोटो."

डोरीननं तो पुसायचं दोनदा ठरवलं होतं, पण तिच्यानं पुसवला नव्हता. त्यांनी चष्मा वर करून, कॅमेरा नाकाजवळ धरून पाहिला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्या अकरांपेक्षा चांगला. पण भिंतीवर नको."

"पुसून टाकू?"

"नको, तुझ्याकडे ठेव. बारावा इथेच काढ."

मागे गाड्यांचा तळ होता आणि एक कचऱ्याचा डबा. डोरीननं दोघांचा फोटो काढला. फोटो थोडा पुसट आला. दुसरा काढू का, असं तिनं विचारलं नाही.

"पुढच्या महिन्यात हरणांचीही बंदुकीनं शिकार सुरू होईल," एव्हरेट म्हणाले. "तिला टेकडीवर नेऊ नकोस."

"नाही नेणार."

"गावाकडच्या रस्त्यानंच फिरव. पट्टा सोडायचा नाही."

"नाही सोडणार, एव्हरेट."

त्यांनी मान डोलावली. पण नर्स त्यांना आत न्यायला आली तेव्हा त्यांची बोटं पेनीच्या पट्ट्यात अडकलेली होती, आणि ती सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.