पाचचा फोन

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या कामाच्या ठिकाणी तिच्या वस्तू आणायला गेले. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानामागची ती लांबट खोली. एक खिडकी, चार मशिनं आणि आईची खुर्ची, तिच्यावरची उशी अजून मधोमध दबलेली. पिशवी भरायची आणि पाच मिनिटांत निघायचं, असं ठरवूनच मी आले होते.

काजं करणाऱ्या मावशींनी मला त्याच खुर्चीवर बसवलं. मास्तरांनी मशीन थांबवलं. मग दोघांनी मिळून जे सांगितलं ते असं: रोज पाचला, चहाच्या वेळी, माझा फोन यायचा. आई खिडकीशी जाऊन उभी राहायची, दहा मिनिटं बोलायची, हसायची आणि परत येऊन सगळ्यांना सांगायची. माझे साहेब, ज्यांना मी म्हणे छत्री म्हणते, त्यांनी आज काय केलं. मी त्यांना कसं सुनावलं.

मी आईला रविवारी फोन करायचे. तीन-चार मिनिटं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. छापखान्यात मी मुद्रितं तपासते. साहेबांना सुनावणं राहू दे, रजा मागतानाही माझी जीभ टाळ्याला चिकटते. साहेब एकदा छत्री विसरले आणि ती न्यायला दोन जिने परत चढून आले, एवढंच मी कधीतरी आईला सांगितलं होतं. त्यावर तिने दोन वर्षं काढली होती.

"नाहीतर आमच्या पोरी," मावशी म्हणाल्या. "फोन आला की समजायचं, काहीतरी हवंय. मी मोठीला तोंडावर ऐकवलं, त्या पोरीकडे बघून शीक जरा. तेव्हापासून ती घरी आली नाही. न येऊ दे."

मी तोंड उघडलं. रोज नव्हते हो करत, एवढंच म्हणायचं होतं. मास्तर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात आईचं अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून ती बोटात घालायची ते. माझ्या करंगळीतही जाईना. मी ते बोलले असते तर आई त्या खिडकीशी, बंद फोन कानाला लावून, या सगळ्यांसमोर एकटीच उभी राहिली असती. आणि आता तिला काही सावरून घेता आलं नसतं.

"रोज म्हणजे," मी म्हणाले, "चुकायचेही दिवस."

"बघा," मावशी मास्तरांना म्हणाल्या. "स्वतःचा मोठेपणा म्हणून नाही. अगदी आईवर गेली आहे."

मग मास्तरांनी जरा संकोचून विचारलं, छत्रीचं पुढे काय झालं? आईचं सांगणं अर्ध्यावर राहिलं होतं. साहेबांनी मला वर बोलावलं होतं आणि मी जिना चढत होते.

मी अंगुस्तान पिशवीत टाकलं.

"चढले," मी म्हणाले. "बघते तर साहेब टेबलाखाली. छत्री शोधतायत. आणि छत्री त्यांच्याच काखेत."

मास्तर हसले. इतका वेळ मान खाली घालून टाके उसवत बसलेली कोपऱ्यातली बाईही हसली. मावशींनी डोळे पुसले आणि माझा नंबर मागून घेतला. मीच फोन करायला हवा असं काही नाही, म्हणाल्या, त्या करतील. पाचची सवय लागली आहे, सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला फोन वाजला. मी मुद्रितं बाजूला सारून जिन्यात गेले. पलीकडे मशिनं एकेक करून थांबत होती. वरून साहेब उतरत आले. मी नेहमीसारखी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि त्यांना वाट दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हं, बोल," मावशी म्हणाल्या. "आज काय सुनावलंस?"