आफशीनचं सहावं प्रकरण

अनेक विश्वं आहेत म्हणणाऱ्यांची मी तीस वर्षं टर उडवत आले. कोल्हापुरात फिजिक्स शिकवते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्याच हाताखाली पीएचडी करणाऱ्या आफशीनच्या प्रबंधात सहावं प्रकरण नेमकं त्याच विषयावर निघालं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

पोरगी मंगळवार पेठेतली, हुशार आणि माझ्याइतकीच हट्टी. शुक्रवारपर्यंत माझी सही झाली नाही तर प्रबंध रखडणार आणि आजऱ्याच्या कॉलेजातली नोकरी हातची जाणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"प्रकरण काढ, लगेच सही करते," मी म्हटलं.

"न्हाय काढणार, मॅडम. आधी वाचा तरी."

"काय वाचू? दुसरं विश्व दिसत न्हाय, तिथं जाता येत न्हाय. काहीही ठोकून द्यायचं, खोटं पाडायला कोण येतंय? असल्या गप्पा कट्ट्यावर माराव्यात."

तिनं एक आलेख पुढे सरकवला. दुसरं विश्व आपल्या विश्वाला सुरुवातीच्या काळात धडकलं असेल, तर आकाशभर पसरलेल्या सर्वांत जुन्या प्रकाशात गोल वळ उठायला हवा. तो केवढा आणि किती ठळक असेल, हे तिनं आधी गणितानं ठरवलं होतं. मग उपग्रहाच्या नोंदींत तीन वर्षं शोधला होता.

"सापडला?" माझा आवाज आपोआप खाली आला.

"न्हाय." तिचे डोळे भरले. "म्हणूनच तुमच्याकडं यायला भ्या वाटत हुतं. माझ्या गणितातली विश्वं खोटी ठरली."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. चूक काढायचा चंगच बांधला होता, पण एकही निघाली नाही. पोरीचा मला फार अभिमान वाटला.

"खोटी ठरली म्हणजे खोटी पाडता आली की," मी म्हटलं. "बाकीच्यांची विश्वं अजून विज्ञानाच्या दाराबाहेरच आहेत. तुझी आत आली."

"हरून?"

"व्हय, हरून. हरायची तयारी हुती म्हणून."

मी सही केली. कागद गोळा करता करता तिनं विचारलं, "मॅडम, ह्या विषयावरचं ह्याआधी तुम्ही काय काय वाचलं हुतं?"

मी पेनाचं टोपण लावलं. खोटं बोलायची सोय नव्हती.

"काहीच न्हाय," मी म्हटलं. "तीस वर्षं."